खुर्ची थांबते

एक खोडलेलं वाक्य गेले कित्येक महिने माझ्या मनातून जात नाही. वाक्य माझं नव्हतं. ज्या उत्तरपत्रिकेत ते होतं, तीही माझी नव्हती. त्यावरची आडवी रेघ आणि तिच्याखालचं अक्षर मात्र माझं होतं.

शाळेची सराव परीक्षा होती. दहावीच्या एका मुलाला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारं कुणी, हवं होतं, ठरलेली व्यक्ती ऐनवेळी आली नाही आणि ओळखीतून निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी पूर्वी कधी लेखनिक म्हणून बसले नव्हते. माझं अक्षर चांगलं आहे, वेगही बरा आहे, याहून वेगळं काही लागत असेल असं तेव्हा वाटलंही नाही. आम्हाला दिलेली खोली म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली सामानाची खोली. कपाटात धूळ बसलेल्या चंचुपात्रांची रांग, हवेत स्पिरिटचा वास, डोक्यावर पंखा दर फेरीला एकदा ‘टक’ करणारा. तो खिडकीपाशी त्याच्या चाकांच्या खुर्चीत बसला होता. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे हात त्याला हवे तिथे थांबत नाहीत, त्यामुळे पेन धरता येत नाही. बोलणं ओढून येतं. शब्द घशातून वर आणावा लागतो, मध्येच श्वास संपतो आणि उरलेला अर्धा शब्द पुढच्या श्वासावर येतो. पहिली दहा मिनिटं मी प्रत्येक शब्द दोनदा विचारत होते. मग कान सरावला. अर्ध्या तासात मला त्याचं सगळं कळायला लागलं, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली. कळायला लागल्यावर मी ऐकणं सैल सोडलं.

निबंधाचा विषय पाऊस होता. तो सांगत होता, मी लिहीत होते. एका ठिकाणी तो म्हणाला, “पाऊस आला की खुर्ची थांबते.” माझ्या हाताने लिहिलं, ‘पाऊस आला की मला थांबावं लागतं.’ मी ठरवून केलं नाही. खुर्ची कशी थांबेल, तपासणाऱ्यांना काय कळणार, वाक्य नीट व्हायला हवं, असं काहीतरी मनात क्षणभर चमकून गेलं असेल. परिच्छेद संपल्यावर तो म्हणाला, “वाचून दाखवा, ताई.” मी वाचलं. त्याचं डोकं एरवीही हलत असतं, त्यामुळे तो ‘नाही’ म्हणतोय हे मला लगेच उमगलं नाही.

“हे मी नाही म्हटलं.”

“अर्थ तोच आहे रे.”

तो श्वास जमवत राहिला. पंख्याचे चार-पाच ‘टक’ झाले असतील. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “नाही. खुर्ची थांबते. मी नाही थांबत.”

मी वाक्य खोडलं, त्याचं वाक्य लिहिलं. त्या वाक्यावरून त्याला पुढचं सुचलेलं होतं, ते मात्र त्याच्या डोक्यातून विस्कटलं होतं. ते पुन्हा जुळवायला त्याला वेळ लागला, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निम्म्यावर असताना घंटा झाली. त्याला ते पूर्ण येत होतं. घंटेनंतरही तो एक वाक्य सांगून गेला, तोवर पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका उचललेली होती. तो मला काहीच बोलला नाही. बाहेर त्याची आई उभी होती. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “फार उपकार झाले हो तुमचे. तुम्ही आला नसता तर पेपरच बुडाला असता त्याचा.” मी म्हटलं, “अहो, उपकार कसले!” असं म्हणायची आपल्याला सवय असते. ते वाक्य खरं तर अक्षरशः खरं होतं, पण मी ते रीतीखातर म्हटलं, आणि त्याची पाच मिनिटं माझ्याकडे राहून गेली आहेत हे तिला सांगितलंच नाही.

घरी येऊन मी बराच वेळ हात-पाय न धुता बसून होते.

त्या दिवशी त्याच्या आईच्या हातात एक फाइल होती, तिच्याकडे माझं लक्ष नंतर आठवताना गेलं. जाड, कडा झिजलेली, रबर लावून बंद केलेली. पुढे ओळख वाढल्यावर तिने ती मला उघडून दाखवली. दवाखान्याची प्रमाणपत्रं, अपंगत्वाची टक्केवारी, त्या टक्केवारीची नूतनीकरणं, थेरपिस्टचे अहवाल, शाळेला दिलेले अर्ज, त्यांच्यावरचे पोच मिळाल्याचे शिक्के, आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन झेरॉक्स. सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत, वर्षांप्रमाणे. दरवर्षी कार्यालयात कुणीतरी नवीन अधिकारी बसलेला असतो आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मुलाचं अपंगत्व गेल्या वर्षभरात बरं झालेलं नाही, हेही कागदाने सिद्ध करावं लागतं. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. “सगळं तोंडपाठ झालंय आता,” एवढंच ती म्हणाली. मला वाटत राहिलं की या फाइलला लागलेल्या तासांत ती त्याच्याशी किती बोलली असती, किंवा नुसती झोपली असती.

त्या अर्जांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. सवलत. वाढीव वेळेची सवलत, लेखनिकाची सवलत, भाषेच्या पेपरात सवलत. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. सवलत म्हणजे देणाऱ्याने आपल्या नियमाला थोडी ढील देणं. ती दिली तर आभार मानायचे, नाही दिली तर दुसऱ्या दारी जायचं. त्या आईच्या तोंडी ‘उपकार’ हा शब्द कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. अनेक वर्षं सवलत मागितल्यावर माणसाच्या जिभेवर दुसरा शब्द येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्यातलं शिक्षणाविषयीचं २४ वं कलम मी याच काळात पहिल्यांदा वाचलं. त्यात ‘वाजवी सोय’ अशी कल्पना आहे, म्हणजे एखाद्याला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून त्याच्या गरजेप्रमाणे केलेला बदल, आणि ती कायद्याच्या कोरड्या भाषेत आहे. पण त्याच कराराच्या व्याख्यांमध्ये एक गोष्ट आहे जिच्यापाशी मी थबकले. वाजवी सोय नाकारणं हा स्वतःच भेदभाव आहे. लेखनिक न मिळणं ही गैरसोय नव्हे, दुर्दैव नव्हे, व्यवस्थेतली त्रुटी नव्हे. दारावर उभं राहून ‘तू आत येऊ नकोस’ असं म्हणणं आणि हे, दोन्ही एकाच रांगेत.

दारावर उभं राहून तसं म्हणणारे लोकही फार जुने नाहीत. अमेरिकेत ज्युडी ह्यूमन नावाची मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आई तिला शाळेत घेऊन गेली. पोलिओमुळे ती चाकांच्या खुर्चीत होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, हिला घेता येणार नाही, आग लागली तर ही धोका ठरेल. पाच वर्षांच्या मुलीला आगीचा धोका म्हटलं गेलं. तिला मग घरी शिकवायला कुणीतरी आठवड्याचे थोडे तास येत असे. तीच मुलगी मोठी होऊन शिक्षिका व्हायला निघाली, तेव्हा १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने तिला परवाना नाकारला. कारण पुन्हा आग. ती न्यायालयात गेली आणि परवाना घेऊन आली. पुढे १९७७ मध्ये, अपंगांशी होणारा भेदभाव रोखणाऱ्या एका कायद्याच्या, चार वर्षं रखडलेल्या नियमांवर सही व्हावी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ती आणि शंभराहून जास्त अपंग माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. इमारतीतले फोन बंद केले गेले, तेव्हा आतल्या कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीत उभं राहून बाहेरच्यांना खुणांच्या भाषेत निरोप दिले. एरवी ज्यांच्याकडे ‘काहीतरी कमी आहे’ असं सगळे समजतात, त्या दिवशी सगळ्या इमारतीतून बाहेरच्यांशी बोलणं त्यांनाच जमत होतं. मला हे चित्र विसरता येत नाही.

तिकडचाच १९७५ चा कायदा, ज्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला, त्याच्या सुरुवातीलाच नोंद आहे की दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांबाहेर पूर्णपणे ठेवली गेली आहेत. इंग्लंडमध्ये तर १९७१ पर्यंत काही मुलांच्या नावापुढे ‘शिक्षणास अपात्र’ असा शेरा कायदेशीरपणे मारता येत असे. अपात्र. एखादं बाळ पोहायला अपात्र आहे असं आपण म्हणत नाही, पाण्यात उतरवून हात धरतो.

हे वाचताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवत होती. चौथीत असू आम्ही. ती मधल्या रांगेत, भिंतीकडेला बसायची. तिला वाचता येत नव्हतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण ती वाचायची. बाई ओळीने एकेकाला उभं करत, आणि तिचा नंबर आला की ती पुस्तक तोंडासमोर धरून खणखणीत आवाजात धडा म्हणायची. एकदा बाई फिरत फिरत तिच्या मागे गेल्या आणि पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडलेलं त्यांना दिसलं. इतरांचं वाचन ऐकून तिने अख्खा धडा पाठ केला होता, फक्त पान कोणतं ते तिला कळत नव्हतं. वर्गात हशा झाला, मीही हसले. बाईंनी तिला फसवते म्हणून बाकावर उभं केलं. तिच्या हातातलं पुस्तक अजून उघडंच होतं, ते मिटायचं तिला सुचलं नव्हतं. मला आज तिचा चेहरा आठवत नाही, ते उघडं पुस्तक आठवतं, आणि त्याच्या पानावरचं चित्रही. तिच्या धड्यात नसलेलं चित्र. एकदा ऐकून धडा लक्षात ठेवणारं डोकं आमच्या वर्गात दुसरं नव्हतं. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसतील, तिला ती वेगळ्या पद्धतीने शिकवावी लागली असती, एवढंच. पुढल्या वर्षी जूनमध्ये पहिले काही दिवस हजेरीत तिचं नाव पुकारलं जात होतं. मग पुकारणं थांबलं. कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

नापास होणारी मुलं तरी कधी ना कधी नजरेत येतात. पास होणाऱ्यांचं काय? एमी रॉली नावाची कर्णबधिर मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत पहिलीत शिकत होती. ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखण्यात ती तरबेज होती, शाळेने श्रवणयंत्र दिलं होतं, अभ्यासातही ती सरासरी मुलांच्या पुढे होती. तिच्या आई-वडिलांना वर्गात खुणांची भाषा जाणणारा दुभाषी हवा होता. वर्गात चाललेलं बरंच काही तिच्यापर्यंत पोचत नाही, हे खालच्या न्यायालयाने मान्य केलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिचे वकील स्वतः कर्णबधिर होते आणि न्यायमूर्तींचे प्रश्न समोरच्या पडद्यावर वाचून उत्तरं देत होते. १९८२ मध्ये निकाल विरुद्ध लागला. शाळा मदत करते आहे, मुलगी वरच्या इयत्तेत जाते आहे, एवढं पुरेसं आहे. निकालाची भाषा अर्थातच वेगळी आहे, पण ती वाचताना मला ‘पास होतेय ना, मग?’ हेच ऐकू येत होतं. हे वाक्य मी इतक्या शिक्षकांच्या, नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. पहिलीतली एक मुलगी दिवसभर ओठांवर डोळे रोखून बसते, शिक्षिका फळ्याकडे वळली की तिच्यापुरता वर्ग थांबतो, मागच्या बाकावरून कुणी गंमत केली तर सगळे हसल्यावर ती हसते. तिच्या प्रगतिपुस्तकात यातलं काही दिसत नाही. त्याच न्यायालयाने पस्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, स्वमग्न मुलाच्या एका खटल्यात एकमताने सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाची परिस्थिती पाहता त्याला साजेल अशी प्रगती व्हायला हवी. पस्तीस वर्षांत एमी रॉली शाळेतून केव्हाच बाहेर पडलेली होती.

माझी एक कर्णबधिर मैत्रीण आहे. मी मोठ्या उत्साहाने तिला सर्वसमावेशक शिक्षणाबद्दल काहीबाही लिहून पाठवलं, सगळी मुलं एका वर्गात कशी असावीत वगैरे. तिचं उत्तर रात्री उशिरा आलं. ‘मी चौथीपर्यंत कर्णबधिरांच्या शाळेत होते. डबा खाताना हात रिकामे नसायचे म्हणून आम्ही भराभर खायचो, कारण बोलायचं असायचं. मग मला नेहमीच्या शाळेत घातलं. तिथे मला जेवायला पूर्ण सुट्टी मिळायची.’ एवढंच. मी ते तीनदा वाचलं. तोपर्यंत मला वाटत होतं की वेगळी शाळा म्हणजे अन्याय आणि एकच वर्ग म्हणजे न्याय. आता वाटतं की एका छताखाली बसवणं म्हणजे एकत्र शिकवणं नव्हे. तिच्या शाळेत तिची भाषा कुणी शिकून घेतली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद १८८० मध्ये मिलानला भरली होती, जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठरवलं की मुलांना ओठांनीच बोलायला शिकवायचं, खुणा नकोत. त्यानंतर कितीतरी देशांत वर्गात मुलांना हात हलवायची बंदी झाली. त्याआधी पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेतही असंच झालं होतं. तिथे रोमन अक्षरं कागदावर उठावदार छापून मुलांना वाचायला देत. ती डोळस शिक्षकांना वाचता येत, मुलांच्या बोटांना मात्र त्या वळणांवर चाचपडावं लागे. पंधरा वर्षांच्या लुई ब्रेलने १८२४ मध्ये ठिपक्यांची लिपी तयार केली. बोटांना ठिपके कळतात, हे बोटांनी वाचणाऱ्यालाच ठाऊक असणार. पुढे एका प्रमुखाने शाळेत तिच्यावर बंदी घातली आणि मुलं ती चोरून वापरत राहिली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी.

या शिक्षकांपैकी कुणी दुष्ट होतं असं मला वाटत नाही. त्यांना मुलांचं भलंच करायचं होतं. मलाही त्या दिवशी वाक्य नीटच करायचं होतं.

त्या मुलाच्या शाळेत मी नंतर तीन-चारदा गेले. दाराशी रॅम्प आहे, तो बांधला तेव्हाचा फोटो कार्यालयात लावलेला आहे. रॅम्पच्या वरच्या टोकाला दोन कुंड्या होत्या, झाडं छान वाढलेली, आणि त्या हलवल्याशिवाय खुर्ची आत जात नव्हती. रोज सकाळी त्याची आई त्या बाजूला सरकवायची आणि दुपारी कुणीतरी त्या पुन्हा जागेवर ठेवायचं. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येतात, उरलेले दिवस त्या आणखी काही शाळांमध्ये असतात. त्यांच्या पिशवीत पेन्सिलीला लावायच्या जाड रबरी मुठी, पुस्तक तिरकं ठेवायची पाटी, खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं, वेळ दाखवणारं वाळूचं घड्याळ. त्या दमलेल्या होत्या. वर्गशिक्षिकाही दमलेल्या होत्या, त्यांच्या वर्गात पन्नास मुलं होती आणि त्यांना या मुलांसाठी काय करायचं ते कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं. मला दोघींचाही राग येत नव्हता आणि तरीही राग येत होता. “मला मुलं सांभाळायला बोलावतात,” विशेष शिक्षिका म्हणाल्या, “शिकवायला आलेय असं कुणालाच वाटत नाही.”

तिथेच जिन्यात एका मुलाने मला अडवलं. “त्याला जास्त वेळ मिळतो, मग आम्हाला का नाही?” त्याच्या विचारण्यात खोडसाळपणा नव्हता, त्याला खरंच अन्याय वाटत होता. मी म्हटलं, तुझी पेन्सिल आणि कागद घे, पण तू नुसतं सांगायचं, लिहील दुसरं कुणी, आणि ते बरोबर लिहितात का तेही तूच पाहायचं. तो जरा विचार करून म्हणाला, “मग तर वेळच लागेल.” पुढे त्याने काही विचारलं नाही आणि मला वाटलं उत्तर पोचलं. नंतर मनात आलं, मी त्याला फक्त वेळ लागतो हे सांगितलं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या हातात देताना कसं वाटतं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

शेवटच्या परीक्षेला त्याने माझंच नाव दिलं. मला आश्चर्य वाटलं, थोडी भीतीही. या वेळची खोली मोठी होती, पंखा आवाज करत नव्हता. बसल्याबसल्या मी त्याला म्हटलं, “मागच्या वेळी तुझी पाच मिनिटं माझ्यामुळे गेली. शेवटचं उत्तर राहिलं तुझं.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “सात,” तो म्हणाला. त्याने मोजली होती.

मग पेपर सुरू झाला. स्वल्पविराम कुठे, परिच्छेद कुठे, शब्द ऱ्हस्व की दीर्घ, सगळं त्याने सांगायचं आणि मी लिहायचं असं आम्ही ठरवून घेतलं होतं. दुसऱ्या तासाला एका उत्तरात त्याने एक वाक्य सांगितलं आणि माझं पेन अडखळलं. त्यातलं साल चुकलेलं होतं. मला ते ठाऊक होतं. खोली इतकी शांत होती की कागदावर माझ्या हाताचा घाम लागल्याचाही आवाज आला असता असं वाटलं. मी त्याने सांगितलेलं साल लिहिलं. तो पुढे सांगत राहिला, मी लिहीत राहिले, आणि प्रत्येक ओळीला मला ते वर लिहिलेलं साल दिसत होतं.

उत्तर संपलं. “वाचून दाखवा, ताई.”

मी वाचलं. सालापाशी आवाज जरासुद्धा बदलू दिला नाही. तो डोळे मिटून ऐकत होता. मग त्याचं डोकं हललं, आणि या वेळी मला लगेच कळलं.

“खोडा ते साल,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

मी रेघ मारली आणि पेन तसंच धरून थांबले. तो श्वास जमवत होता. घड्याळात अकरा मिनिटं बाकी होती.